पट्टा उतरतो

पहिला पट्टा बदलला संक्रांतीला.
दुसरा रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी,
गेर होऊन गेली होती आणि सियागंजच्या गटारीतून
गुलाबी पाणी वाहत होतं अजून.
तिसरा परवा.

आज यमूताई फणसे पुन्हा दारात.
मारुती अशी किंचाळते की
समोरचा भुट्ट्यावाला कणीस खाली ठेवून बघतो.
पट्टा पुलीच्या काठावर आलाय,
एका अंगाला झिजून पिसारलाय,
खाली पत्र्यावर काळी भुकटी.

"भिया, माल ही खोटा है," लखन म्हणतो.
मला तेच ऐकायचं होतं.
तडक जुझरभाईंच्या दुकानात जाऊन भांडलो.
त्यांनी टोपी सारखी केली, पट्ट्यावरचा नंबर
भिंगातून मोठ्यानं वाचला, आणि म्हणाले,
"तीन विकले तुम्हाला, चौथाही विकीन.
पण मग मीच बरा मेकॅनिक,
तुम्ही नुसते गिऱ्हाईक."

परत आलो. बोनेट.
चालत्या पट्ट्यावर बाटलीतून चार थेंब.
ओरड वाढली तर ताण कमी.
थांबून पुन्हा सुरू झाली तर रेघ चुकली.
थांबली.
लखन हसला. मी नाही हसलो,
आठ मोजले मनात,
नऊला सुरू झाली.

इंजिन बंद करून एकेक चाक हलवून बघितलं.
क्रँकची पुली: गच्च.
पाण्याचा पंप: बेअरिंग गुपचूप, खेळ नाही.
अल्टरनेटर: फिरतो लोण्यासारखा.
सगळे निर्दोष. असं असलं की मला भीती वाटते.
स्टीलची पट्टी लावावी तर मधे रेडिएटर,
वाकून वाकून कंबर गेली,
डोळा एका चाकावर, दुसरं चाक अंदाजानं.

यमूताई ऑइलच्या डब्यावर बसल्या होत्या.
मल्हारगंजात ब्लाउज शिवतात, तीस वर्षं.
"माझ्या मशीनची वादी उतरायची," त्या म्हणाल्या,
"मी वादीला कधी बोल नाही लावला."
पर्समधून रीळ काढलं, पांढरं, चाळीस नंबर.
"धर तिकडून. ताणून. अजून."

खालच्या चाकाच्या तोंडावरून दोरा निघाला,
वरच्या काठाला टेकला,
पंपाला टेकला,
अल्टरनेटरपाशी आला
आणि टेकला नाही.
एवढीशी फट.
यमूताईंनी तीत करंगळीचं नख घातलं,
ते नीट बसलं.

तीन मिलिमीटर मागे.
कानाच्या आणि ब्रॅकेटच्या मधे एक जाड वॉशर असतो,
तो नव्हता.
अल्टरनेटर कुणी उतरवला होता?
दिवाळीत, ब्रश बदलायला,
बाहेर फटाके, आत घाई,
मीच.

हे सांगायला मला वेळ लागला.
आधी हात पुसले. मग पाना पुसला.
मग पुसायला काही उरलं नाही.

श्रीखंडाच्या जुन्या डब्यात
नटबोल्टांचा खच लखननं फरशीवर ओतला.
मूळचा सापडला की दुसराच त्या मापाचा,
शपथेवर नाही सांगता येणार.
बसवला. दोरा पुन्हा धरला.
या वेळी टेकला, चारही ठिकाणी,
आणि मी तरी तीनदा बघितलं.

"तीन पट्ट्यांचे पैसे परत करतो, ताई."
त्यांनी थोडा विचार केला.
"एकाचे दे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी
मीच म्हटलं होतं, बदलून टाक, उशीर होतोय."
असा हिशेब मी आजवर ऐकला नव्हता,
तरी दोनाचे दिले. त्यांनी मोजून घेतले.

गाडी चालू झाली, भुट्टेवाल्यानं मान वळवली नाही.
यमूताई दोरा रिळावर गुंडाळत होत्या.
वीतभर काळा झाला होता,
तेवढा दातानं तोडला,
थुंकल्या,
आणि बाकीचा पर्समध्ये ठेवला.