स्पीकर, साडेसहा इंची

ट्रेव्हरनं काउंटरवर तीन जोड्या मांडल्या,
साडीवाला मांडतो तशा, एकेक पुढे सरकवत.
हा पांढरा, उन्हात पिवळा पडत नाही.
हा करडा, सीगल शिटले तरी पुसून घ्यावा.
हा स्वस्त, पण आत कागदाचा पडदा,
वर्षभरात दमट पापडासारखा लोळेल.
पापड तो म्हणाला नाही, त्याला कुठला ठाऊक,
ते मी आपलं मनात घातलं.

मॉल्डन. ओहोटी.
बाहेर सगळ्या बोटी चिखलात कुशीवर,
जेवून आडव्या झालेल्या व्याह्यांसारख्या.
त्यात आमचीही, सव्वीस फुटी, तिसऱ्या मालकाची.
नदीचं नाव ब्लॅकवॉटर.
दत्तारामनं ते एकदा फोनवर मराठीत सांगितलं,
काळं पाणी,
तर देवगडात दोन दिवस कुणाला जेवण गेलं नाही.

एकतीस वर्षं तो इंजिनरूममध्ये होता.
डावा कान तिथंच राहिला, कुठल्याशा जनरेटरपाशी.
त्यामुळे या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची
सोय उरली नाही घरात.
ऐकलं की आत राहतं.
मी जपून बोलते.
जपून, आणि उजवीकडून.

उजव्यातूनही आता स गेलाय, श गेलाय,
बारीक आवाज आधी जातात म्हणे.
माझं नाव शशिकला.
त्यातलं त्याच्यापर्यंत काय पोचतं
मी विचारलेलं नाही.

दत्ताराम जाळीला कान लावून उभा,
डोळे मिटून,
नारळ पारखतात तशी टिचकी मारत.
ट्रेव्हरनं काहीतरी धडधडणारं लावलं.
"ढोल नको," दत्ताराम म्हणाला, "ढोल मला पायांनी ऐकू येतो.
शब्द दाखव."
शब्द करड्यात बरे होते.
"एकच दे."
जोडी फोडत नाही, ट्रेव्हर म्हणाला.
एकशे चाळीस पौंड.

आणि हो, आत चुंबक असतो,
होकायंत्रापासून लांब ठेवा.

बोटीवर मी स्पीकर छातीशी धरून उभी,
तो होकायंत्रावर ओणवा.
बोट चिखलात रुतलेली, कुठं जायचं नव्हतं,
तरी आतली तबकडी फिरली माझ्याकडे,
सात अंश.
"दहा मैलांत सव्वा मैल चुकू," तो पुटपुटला,
"लांब हो."
झाले.
"अजून."
पाठ केबिनच्या दाराला टेकली
तेव्हा उत्तर जागेवर आली.
"तिथंच थांब," म्हणाला,
आणि माझ्या खांद्यामागे पेन्सिलनं गोल काढला.

चांगल्या बोटीला भोक पाडायचं
म्हणजे हात धजत नाही.
त्यानं ड्रिल दोनदा लावलं, दोनदा काढलं,
तिसऱ्यांदा मी म्हटलं, पाण्याच्या वर आहे ना, मग पाड.
पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली.
निघालेली चकती मी ठेवून घेतली, कपाखाली घालायला.
जोडीतला दुसरा बंकखाली आहे,
त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.

वायर जोडली. खरखर.
मग एका बाईचा शांत आवाज,
नैर्ऋत्येकडून चार, कधी पाच,
पाऊस नंतर, दृश्यता बरी.
तो एक शब्द मागे राहून ओठ हलवत होता,
धड्याच्या मागून मूल वाचतं तसा.

"शशिकला," तो ओरडला, मी हातभर अंतरावर,
"ऐकलंस? नंतर पाऊस."
दोन्ही श शाबूत.
ऐकलं, म्हटलं.

बोट अजून कुशीवरच होती.
कपात चहा तिरका.
भरतीला दीड तास.