लेखनिक

नियम असा, की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा.
मी दहावी.
पुण्यात पहिल्यांदाच कुणाला माझं
न शिकणं कामाला आलं.

एकतीस वर्षं शनिवार पेठेत, एका तळघरात,
आधी खिळे जुळवले, मग प्रुफं वाचली.
जगाच्या वेलांट्या सरळ केल्या,
लग्नपत्रिकांतले आशीर्वाद ऱ्हस्वाचे दीर्घ केले.
छापखाना मोडीत निघाला, बोटं काही थांबेनात.
दुधाच्या पिशवीवरची चूकही मी पेनाने दुरुस्त करायचो.
बायको म्हणाली, कुठेतरी जात जा.

म्हणून नव्या पेठेतल्या त्या दोन खोल्या.
एकीत ब्रेलचे ग्रंथ, एकेक उशीएवढा.
दुसरीत फोन आणि भिंतीवर यादी:
कुणाचा पेपर, कुठे, कोण मोकळं.
यादीत रिक्षावाले तांबोळी,
जे भाडं विचारलं की म्हणतात मीटर बिघडलाय.
यादीत सहकारनगरच्या ओगलेबाई,
आख्खा इतिहास मोबाइलवर वाचून पाठवतात
कुकरच्या शिट्ट्यांसकट.

वैजयंता सोनकांबळे, मूळची उदगीरची, बी. ए. दुसरं वर्ष.
म्हणते, "तिसऱ्या शिट्टीनंतर थोरले माधवराव येतात,
आणि भात होईपर्यंत जातात."

तळमजल्यावरची वेगळी खोली.
तासाला वीस मिनिटं जादा.
सुपरवायझर खिडकीशी, शब्दकोड्यात.
ती सांगते, मी लिहितो. मी फक्त हात.

"पानिपतची तिसरी लढाई," ती म्हणाली,
"चौदा जानेवारी, सतराशे साठ."

हात थांबला.
या गावात जन्मलेल्या माणसाला
ती संक्रांत कुठल्या सालची
हे कुणी शिकवावं लागत नाही.
एकसष्ट पार बोटांच्या टोकाशी आलं,
शाई होऊन थांबलं.

तिने मान तिरकी केली.
"काका, पेन थांबलं."
"हं."
"चुकलं ना?"
मी नियमाने गप्प.
पण असलं गप्प बसणंही बोलणंच असतं,
हे इतक्या वयात मला कळायला हवं होतं.

"तुम्ही थांबलात की मला उत्तर कळतं," ती म्हणाली.
"नका थांबू. सतराशे साठच लिहा.
गेले मार्क तर माझे जातील."

लिहिलं.
आयुष्यात पहिल्यांदा एक चूक
आली तशी, सुवाच्य अक्षरात, कागदावर जाऊ दिली.
साठातलं शून्य जरा जास्तच गोल आलं.

बाहेर तांबोळींची वाट बघत कट्ट्यावर बसलो.
खिशात 'व'चा एक खिळा असतो माझ्या,
भंगारवाल्याच्या वजनकाट्यातून उचललेला.
तिच्या तळव्यावर ठेवला.
तिने बोटाने नीट वाचला, दोनदा.
"माझं नाव याने सुरू होतं?"
"याने. म्हणजे, हा उलटा आहे.
छापला की सुलट होतो."
"उलटा, कुणीकडून?"

मी उत्तर शोधत राहिलो.
समोर उसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत होतं.
खिळा अजून तिच्या मुठीत.
"झिजलाय हो तुमचा व."
"खूप वापरला गेला."
"मग ठेवते," ती म्हणाली,
मागितला नाही, सांगितलं.

रिक्षा आली. तांबोळींनी मीटरवर फडकं टाकलं.
"शनिवारी अर्थशास्त्र," ती आत बसता बसता म्हणाली.
मी म्हटलं, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तेच बरं," ती म्हणाली. "पावणेदहाला या."