विंगेतून

मी बत्तीस वर्षं अंबूताई लघाट्यांना वाक्यं पुरवली.
म्हणजे पुरवायला बसलो.
हातात बॅटरी, मांडीवर वही,
पाठीला सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं झाड.
त्यांना माझी गरज कधी पडली नाही.
एकदा पडली असं मला वाटलं. ते पुढे सांगतो.

दिवसा त्या रामबागच्या पोस्टात तिकिटं विकायच्या.
गोंद चाटताना जो चेहरा व्हायचा
तोच त्यांनी सासवांना दिला, मोलकरणींना,
आणि त्या फ्रेंच मादामला.

कॉलेजातल्या बखले सरांनी पॅरिसचा फार्स मराठीत आणला होता:
तीन दारं, दोन नवरे, एक कपाट.
दार वाजलं की मादामनं म्हणायचं, ‘ओ ला ला!’
अंबूताई पदर सावरत म्हणाल्या,
‘ओऽ, आला, आला!’
आणि दारातून खरंच नवरा आला.
मिलचे मॅनेजर खुर्चीवरून घसरले.
बखले सर विंगेत येऊन माझ्यावरच ओरडले, हे वहीत कुठाय?
मी पेन्सिलीनं लिहून घेतलं.

तिसऱ्या अंकात त्या कपाट उघडायच्या,
आतला नवरा बघायच्या, कपाट लावायच्या,
आमच्याकडे तोंड करायच्या, आणि गप्प.
मी मोजायचो. एक. दोन. तीन. चार.
चाराला बाल्कनीत कुणीतरी फुटायचं,
मग सगळं थिएटर.

उज्जैनला त्या सहापर्यंत गेल्या.
माझा धीर सुटला. कुजबुजलो,
‘कपाटात कुणी नाही हो!’
तीन रांगांना ऐकू गेलं.
हशा उंबऱ्यावरूनच परत फिरला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला अर्धी कचोरी दिली
आणि सांवेरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.
मग म्हणाल्या,
‘दिघे, मी विसरले नव्हते. वाट बघत होते.’

मुंबईच्या एका सिनेमात घेतलं त्यांना. अकरा सेकंदं.
अख्खं रामबाग टॉकीजला लोटलं.
पडद्यावर त्यांनी परात आपटली, बोलल्या, आम्ही हसलो,
आणि आमच्या हसण्याखाली त्यांचं पुढचं वाक्य बुडालं.
पडदा थांबला नाही.
बाहेर पोह्यांवर शेव भुरभुरत म्हणाल्या,
‘बहिरा आहे मेला.’
पुन्हा मुंबईला गेल्या नाहीत.

आता लोकमान्य नगरात, भाचीकडे.
डॉक्टर म्हणतात, आधी नावं जातात.
माझं गेलं दिवाळीच्या सुमाराला.
मी दर गुरुवारी जातो. वही नेत नाही.

काल त्या उठल्या, भाचीचं गोदरेज उघडलं,
आतल्या साड्यांकडे बघितलं,
दार लावलं, वळल्या,
आणि गप्प.

‘मावशी, काय हवंय?’ भाची पुढे झाली.
मी हात आडवा धरला.

चार.
पाच.
सहा.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.
सात.