गाळातली

जागेवर खूण नाही.
म्हातारा फोक वाइ-साउ गुडघाभर खाडीत उतरतो,
अनवाणी, बांबू टोचत टोचत,
आणि मध्येच थांबून म्हणतो, "इथं आहे. दमानं."

वर्षभर होडी गाळात पुरलेली असते.
उन्हात ठेवली तर तडकते,
नुसती पाण्यात सोडली तर पोखरतात किडे;
चिखल तेवढा सांभाळतो तिला,
काळा, घाण वासाचा, कुणाचं काही न लागणारा.

आम्ही बादल्यांनी उपसतो.
मी शेन्झेनहून आलोय, तीन दिवसांची रजा,
पार्सलची स्कूटर मित्राच्या हवाली करून.
हात मऊ पडलेत. कुणी बोलत नाही,
फक्त मोठी बादली मला देतात.

आधी नाळ सुटते,
मग एकेक बरगडी, मग सबंध पाठ,
आणि तिला सोडताना गाळ जो आवाज करतो
त्याला आमच्या गावात शब्द नाही.
लहानपणी वाटायचं, ती जांभई देतेय.

डोकं वेगळं, कुळाच्या देवळात फळीवर.
दाढीला घोड्याचे केस, जबड्यात ओली पात.
कुंचला लाल रंगात बुडतो:
डावा डोळा. उजवा डोळा.
आता ड्रॅगन बघतोय. आता शिव्या जरा जपून.

चौदावं बाक, डावी बाजू, माझं.
फळी बसून बसून खोलगट झालीय
वडिलांच्या मापानं. मी तिच्यात मावतो
आणि थोडा उरतो.
ते काठावर. गुडघा गेलाय, तोंड शाबूत:
"वल्हं मार रे, सूप ढवळतोयस काय!"

ढोलावर लेउंग चुन, एरवी कोंबड्या विकतो.
तो पाणी बघत नाही, आमचे खांदे बघतो
आणि चाळीस छातीतले चाळीस ठोके
हाकत हाकत एका दावणीला आणतो.
मागं तांडेल उभा. तो वाकला
की अख्खं गाव वळतं.

हरलो.
शेजारचं गाव एका मुंडक्यानं पुढं.
भात तयार होता, चवळीच्या शेंगा, डुकराची चरबी,
त्यांना नि आम्हाला एकाच टोपातून.

पुरायच्या दिवशी मी नव्हतो.
सिग्नलला थांबलो होतो, फोन वाजला,
पलीकडे वडील, बोलत काहीच नव्हते,
फोन खाली धरला होता त्यांनी, पाण्याजवळ.

तोच आवाज. या वेळी आत जाणारा.

मागून हॉर्न. दिवा हिरवा.
पेटीत कुणाचं तरी सूप होतं,
हिंदकळत.