परिच्छेद चौदा

मी फक्त टंकते.
कोणाचं म्हणणं ग्राह्य, ते ठरवायला तीन खुर्च्या आहेत,
त्यातली एक मे महिन्यापासून रिकामी.

शिमल्यात त्या दिवशी बर्फ नव्हतं, नुसता गारठा,
आणि हीटर वकिलांच्या पायांकडे वळवलेला.
याचिका अडीच मेगावॉटची.
चंब्याच्याही पलीकडची एक खड्ड
(इकडे ओढ्याला खड्ड म्हणतात),
तिचं पाणी डोंगराच्या पोटातून नेऊन
शंभर मीटर खाली सोडायचं
आणि पडता पडता त्याच्याकडून वीज काढून घ्यायची.
फाइलवर शिक्का: अपारंपरिक स्रोत.

कंपनीचे गुलेरिया म्हणाले, चार रुपये नव्वद पैसे.
वीज मंडळ म्हणालं, तीन ऐंशी,
तेही पोटाला चिमटा काढून.
मग अडीच तास
त्या एक रुपया दहा पैशांच्या फटीत
सगळं मावलं:
सिमेंट, व्याज, घसारा,
पुरात गेलेला लोखंडी पूल,
भागधारकांचा परतावा,
आणि पाऊस कमी झाला तर रडायचं कुणी, ते.
"प्रोत्साहन" मी एकतीस वेळा टंकलं.
"पाणी" सहा वेळा.

दर चाळीस वर्षांसाठी.
मी मनातल्या मनात बेरीज केली,
तो संपेल तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरची असेन.
माझा स्वतःचा भाव दर अकरा महिन्यांनी ठरतो,
नव्या सहीने.

हरकती वर्तमानपत्रातून मागवल्या होत्या.
आली एकच.
लच्छो देवी, वय नोंदलेलं नाही,
रात्रभर बसमध्ये बसून आलेली,
मांडीवर पिशवी.
वकील उठले, हे विषयाच्या बाहेरचं आहे.
अध्यक्षा कंवर म्हणाल्या, बोलू द्या.

"माझा घराट त्याच पाण्यावर फिरायचा.
सासूच्या सासूच्याही आधीपासून.
मापामागे एक मूठ पीठ ही दळणावळ.
प्रधान आला तरी एक मूठ, गद्दी आला तरी एक मूठ.
आधी ती सासूची मूठ होती, मग माझी झाली.
माझा हात लहान, त्यामुळे दर उतरला.
गाव खूश."

कोणीतरी हसलं. गुलेरियाही हसले, बरं वाटेल असं.

"ज्या वर्षी पाणी गोठलं
त्या वर्षी दळण नाही, मूठ नाही.
मी कुणाकडे परतावा मागितला नाही.
आणि वीज बंद करा, असं मी म्हणत नाही हो,
नातू तिथेच रात्रपाळीला आहे,
त्याच्या पगारावर घरात टीव्ही आलाय.
एवढंच सांगा,
माघात बंधाऱ्याखाली पंधरा टक्के पाणी सोडायचं
असं तुमच्याच कागदात आहे,
ते मोजतं कोण?
माझा दगड मोजतो.
तो हलत नाही."

कंवर मॅडमनी चष्मा काढला.
"तुमच्या मते दर किती असावा?"

तिने मूठ वळली
आणि टेबलावर ठेवली.
बराच वेळ.

मी थांबले.
मूठ कशी टंकतात
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आदेश सव्वीस दिवसांनी निघाला.
चार रुपये सदतीस पैसे, चाळीस वर्षं, समतल.
परिच्छेद चौदा: "एका हरकतदाराने
स्थानिक स्वरूपाचे मुद्दे मांडले.
त्यांची नोंद घेण्यात आली."

कच्च्या प्रतीवर, समासात,
मॅडमच्या अक्षरात पेन्सिलीने होतं:
"पंधरा टक्के. मोजणी कोणाची?"
पक्क्या प्रतीसाठी कागद परत आला
तेव्हा तिथे फक्त जरा खरखरीत जागा होती,
आणि खोडरबराचा चुरा,
जो मी फुंकला, नको तिकडे.

तेव्हापासून "प"ची कळ अडते.
पैसे टंकताना दोनदा दाबावी लागते.
दुरुस्तीसाठी अर्ज दिलाय.