मधल्या भिंतीखालचा पाइप

तान्हा पोळा झाला, पाहुणे गेले,
न्हाणीतलं पाणी मात्र मुक्कामाला राहिलं.
घोट्यापर्यंत. वर साबणाची साय,
सायीवर एक टिकली, नणंदेची असावी,
माझ्या टिकल्या एवढ्या मोठ्या नसतात.

नवरा म्हणाला, हिंगणघाटहून माणूस आणू.
माणूस पाचशे घेतो
आणि सोमवारी येतो म्हणून गुरुवारी येतो.
मी पदर खोचला.

जाळी उचलली. जाळी कसली,
तीन भोकं उरलेला पत्र्याचा तुकडा.
हात घातला कोपरापर्यंत.
केस निघाले, केसांत गुंतलेले केस,
माझे, सासूचे मेंदीनं लाल झालेले, पोरीचे,
तिघींची एकच वेणी, कुणीच न घातलेली.
तिच्यात भांड्यांची राख, तेलकट, दगडासारखी धरलेली.
ती माझी चूक. पुरणपोळीचं तुपाळ परात
मीच इथे धुतलं होतं, गार पाण्यानं, घाईत.

खायचा सोडा टाकला, वर लिंबू पिळलं. फसफसलं.
चुलीवरचं आधण ओतलं.
पाणी बोटभर उतरलं
आणि विचार करत बसलं.

मग सायकलच्या ब्रेकची जुनी तार.
टोक वाकवून आकडा केला.
हात, दीड हात, दोन हात.
आता तार आमच्या घरात नव्हती.
ती मधल्या भिंतीखाली होती,
जिथून पाइप शेवंताबाईच्या अंगणात जातो
आणि तिथून नालीला.
दोघींच्या सासऱ्यांनी मिळून घातलेला, सिमेंटचा.
तेव्हा भिंत कमरेएवढी होती.
आमच्यात बोलणं नाही. तिसरं वर्ष.
कोंबडीवरून सुरू झालं,
ती कोंबडी कधीच खाऊन झाली.

तार अडली. ढकलली. अडली.
मग पलीकडून तिला कुणीतरी धरलं.
गळाला मासा लागावा तशी हलली.
आवाज आला, माझ्याशी नाही,
पाइपाशी बोलावं तसा,
"ढकलू नोको. फिरव. फिरव म्हणते ना मी."
मी फिरवली.
"आता सोड पाणी."
एक बादली. दुसरी.
भिंतीखाली कुणी ढेकर द्यावा तसं वाजलं
आणि पाणी गोल फिरत,
टिकलीला सोबत घेऊन निघून गेलं.
फरशी हिरवी होती. मी विसरलेच होते.

जरा वेळानं भिंतीवरून एक हात आला.
काचेच्या बांगड्या, कोपरापर्यंत गाळ,
माझ्या हाताला होता तेवढाच.
मुठीत लाकडाचं चाक.
"तुयाच पोट्ट्याच्या बैलाचं होय का व?"
होतं. पोळ्याआधी त्यानं बैलाला
याच न्हाणीत आंघोळ घातली होती
आणि मग तीन चाकांवर ओढत
बोजारा मागत फिरला दारोदार,
तिचंही दार धरून. हे मला माहीत नव्हतं.
"लंगडा बैल पायला तवाच वाटलं," ती म्हणाली.

काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाले,
"रोज रात्री जाळी साफ करत जाईन."
"अन् भांडे बाहेर घासजो.
माह्या नालीत गिट्टी झाली तुया राखेची."

पिठाची मोडकी चाळणी कापून
मी नवी जाळी केली.
चाळणी मोठी होती.
दोन निघाल्या.