नखभर

उजव्या अंगठ्याचं नख मी कापत नाही.
पोन्सेच्या आमच्या चर्चमधल्या बायका विचारतात,
नेरेइदा, एक बोट असं आणि बाकीची तशी का?
मी म्हणते, हत्यार आहे ते. त्या हसतात.

आज एरिबेर्तो इंजिन घेऊन आला,
पिकअपच्या मागे, गादीवर निजवून,
गादी त्याच्याच पलंगाची.
तिसऱ्या गिअरला आवाज झाला म्हणे,
डब्यात खडा पडावा तसा, आणि जोर गेला.
रात्री किती वाजता, कुठल्या रस्त्यावर, शेजारी कोणाची गाडी,
ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

उघडलं. पोर्चमधल्या टेबलावर जुनी चादर.
पुढच्या रोटरच्या टोकाचं सील, तीन तुकडे.
दोन सापडले.
तिसरा एक्झॉस्टमधून पळाला,
जाता जाता टर्बोच्या पात्यांना चावून.

रोटरच्या पोटावर खळगे पडलेत.
पडू देत. धार घासून काढली की झालं,
टोकदार काही उरलं तर ते तापतं
आणि ठिणगीची वाट न बघता पेट घेतं.
खाचेची मात्र गोष्ट वेगळी:
नवं सील बसवून बघितलं, बसलं, पण डुललं.
फीलर गेजचं पातळ पान आत गेलं,
त्याच्यापेक्षा जाड गेलं,
मग पुढचं काढायचं मी थांबवलं.

मागचं हाउसिंग बघून पोरगं हिरमुसलं.
काठाचं क्रोम उडालंय, कोड फुटल्यासारखं.
अरे, हे चालेल, मी म्हटलं.
सील तिथवर पोचतच नाही.
जिथे काही घासत नाही तिथलं कुरूप असणं
मी आजवर मोजलेलं नाही.

पुढचं हाउसिंग आरशासारखं.
शेंगेच्या आकाराचा तो लांबट गाभा,
त्यात आम्हा दोघांची तोंडं, वाकडी.
हे तर नवंकोरं, तो म्हणाला.
मी नख फिरवलं. स्पार्क प्लगच्या खाली
अडकलं.
उलट फिरवलं. अडकलं.
तूही बघ, म्हटलं. त्यानं बोट फिरवलं.
काहीच लागत नाही, म्हणाला.
कुरतडून कुरतडून नखं मुळाशी नेलेली,
त्याला काय लागणार.

पपा असलं बसवायचे.
वादळानंतर चार महिने जपानहून काही येईना,
तेव्हा जे होतं त्यातूनच इंजिनं उभी केली त्यांनी.
एक अकरा वर्षं चाललं.
एक पुढच्या रविवारच्या आत साखळीला बांधून परत आलं.
दोन्हींवरचा चरा मी पाहिला होता,
आजही सांगता येणार नाही कुठला खोल होता.
ते फक्त गिऱ्हाइकाला विचारायचे: कुठे नेणार?
पाव आणायला की पैज लावायला?

मीही विचारलं.
आजीला दवाखान्यात न्यायचं असतं, एरिबेर्तो म्हणाला,
पटकन, खाली बघून.
त्याची आजी मार्चमध्ये गेली.
नऊ दिवसांच्या जपमाळेला मी होते,
कॉफी मीच वाटली, त्यालाही दिली होती.

उद्या ये, म्हटलं.

रात्री वीज गेली. टॉर्च न लावताच
पुन्हा गेले टेबलापाशी, पुन्हा फिरवलं.
अडकलं. मग सहज तर्जनीनं
नखाची कड चाचपली, तर तिथेही खाच,
बारीक, इतक्या वर्षांच्या लोखंडाची.
कधी पडली कोण जाणे.
म्हणजे ह्या पाच-सहा वर्षांत
मी काय काय भंगारात घातलं असेल?

डाव्या हाताचं नख थोडंच वाढलेलं होतं.
ते लावलं. हळू. खालून वर.

तेही अडकलं.
हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं.
खडू शोधला, अंधारातच फुली मारली,
फुली नीट पडली का, ते सकाळी दिसेल.